पणजोबा मोगलाईतून मावळतीला का आले?

आदिलाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, हिप्परगा तलावाच्या खालच्या अंगाला. कागदोपत्री त्याला एकरुख तलाव म्हणतात. घर, रान, चुलते, भावकी सगळं तिथंच. पण गावात आम्हाला अजून 'मोगले' म्हणतात. सातबाऱ्यावर आडनाव वेगळं, लग्नपत्रिकेत वेगळं, पण पारावरची म्हातारी माणसं विचारणार, "मोगल्यांचा का तू?" लहानपणी मला वाटायचं, अकबराशी आपलं काहीतरी नातं असणार.

वडील सांगायचे ती गोष्ट अशी. पणजोबा नळदुर्गकडचे. पाऊण पट्टी जमीन, घर, बैलजोडी. रझाकारांनी घर जाळलं, जमीन बळकावली, एक बैल ओढून नेला. राहिलेला एक बैल आणि एक पोरगं घेऊन पणजोबा रातोरात मावळतीकडे चालत सुटले आणि तलावाच्या खाली येऊन थांबले. गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की त्या बैलाचा रंगसुद्धा पाठ आहे (कोसा खिल्लार).

घोळ असा की तारखा जुळत नाहीत. रझाकार म्हणजे १९४७-४८. माझे आजोबा पोरवयात हिप्परग्यात पोहायचे, पाटात मासे धरायचे, हे त्यांनी स्वतः मला सांगितलंय. १९४८ साली ते दोन लेकरांचे बाप असणार. मग ते 'पोरगं' कोण? आणि पणजोबा नक्की कधी आले?

हाताशी एवढंच आहे: पत्र्याच्या ट्रंकेत एक चंची. तिच्यात एक काळं पडलेलं चांदीचं नाणं आणि चार घड्या घातलेला एक कागद, निम्मा कसरीनं खाल्लेला. अक्षर मोडी असावं. शिवाय बाळ्याचा खंडोबा हाकेच्या अंतरावर असताना आमचं घर पौष पौर्णिमेला नळदुर्गला मैलारपूरच्या जत्रेलाच जातं.

शेतकरी माणूस जमीन सोडून सहजासहजी उठत नाही. का उठले असतील?

काय_बे
अकबर नाही तर निदान बिरबल तरी निघू दे बे.

बोरीकाठचा
'मोगले'चं कोडं मी सोडवतो. मी खुद्द नळदुर्गचा. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि आमच्याकडे निजाम. इंग्रजी मुलखातली माणसं निजामाच्या मुलखाला सरसकट मोगलाई म्हणायची. त्या बाजूनं आला तो मोगलाईतला, त्याचं झालं मोगला, त्याचे मोगले. माझ्या मामाच्या गावात 'मोगल्याचा मळा' आहे आणि मालक वारकरी, गळ्यात तुळशीची माळ.

आजच्या पोरांना वाटतं नळदुर्ग ते सोलापूर म्हणजे एसटीनं तासाभराचा रस्ता. तेव्हा मध्ये सरहद्द होती, नुसती नकाशावरची नाही. निजामाचं जकात खातं होतं, त्याला करोडगिरी म्हणायचे. नाक्यावर पाटीतला माल उतरवून बघायचे. नाणंसुद्धा वेगळं. आमच्याकडे हाली सिक्का, तुमच्याकडे कलदार. सहा कलदार रुपये म्हणजे सात हाली. आमची आजी हिशेब करताना शेवटपर्यंत "हाली का कलदार?" विचारायची. पेन्शनचे पैसे हातात ठेवले तरी.

ते नाणं बघा. चारमिनार असेल तर हाली.

भुईमूग
धाग्याचा सूर आवडला नाही, स्पष्ट सांगतो. 'तारखा जुळत नाहीत' म्हणून रझाकारांची गोष्ट खोटी ठरवायची घाई करू नका. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात. १९४८ च्या उन्हाळ्यात आमच्या घरातली बायकामाणसं रात्रीत सोलापूरला आणली. आजोबा दिवसा येऊन पेरणी करायचे आणि अंधार पडायच्या आत परत सरहद्दीच्या अलीकडे. जोंधळ्याचं बी लुगड्यात बांधून न्यायचे. सरहद्दीवरची गावंच्या गावं अशी रिकामी झालेली आहेत. १३ सप्टेंबर १९४८ ला लष्कर सोलापूरकडून नळदुर्गवर चालून गेलं आणि पहिल्याच दिवशी बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. १७ तारखेला निजामाची शरणागती. हे पाच दिवस आमच्या घरात अजून तासातासानं सांगतात.

ज्यांनी भोगलं त्यांच्या आठवणींवर कागदाचा तुकडा घेऊन शंका काढणं सोपं असतं.

आदिलाकाठ
@भुईमूग, शंका रझाकारांवर नाही हो, माझ्या आजोबांच्या वयावर आहे. राग नसावा.

हुरडाप्रेमी
मूळ प्रश्नाला सोडून: बी लुगड्यात बांधून नेलं हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे मालदांडीचं बी आजी मडक्यात राख घालून ठेवायची आणि त्या मडक्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. उपाशी राहायची, पण बियाचं मडकं फोडायची नाही.

कागदी_घोडा
तलाठी म्हणून चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त. थोडं कामाचं बोलतो.

पहिलं, शाळेचा दाखला. आजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या जुन्या लोकल बोर्डाच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यात जन्मतारीख आणि जन्मठिकाण दोन्ही. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, उतारा मिळतो. जन्मतारखेवर फार विसंबू नका. मास्तर दाखल करताना १ जून टाकायचे, अख्खं गाव १ जूनला जन्मलेलं असायचं. पण जन्मठिकाण सहसा खरं असतं.

दुसरं, तुमच्या गावचे जुने फेरफार. पणजोबांचं नाव पहिल्यांदा कोणत्या फेरफाराला लागलं आणि कसं लागलं: खरेदीनं, कूळ म्हणून, की वारसानं. वारसानं लागलेलं असेल तर सासऱ्याकडून आलं का बघा, असं पुष्कळ सापडतं.

तिसरं, मूळ गाव. मराठवाड्यात १९५० च्या दशकातलं खासरा पत्रक बघायचं. त्याच्या मागचं दप्तर उर्दूत आणि साल फसली, म्हणजे निजामाचं महसुली साल. घाबरू नका, फसली आकड्यात ५९० मिळवायचे. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून एखादं वर्ष इकडेतिकडे.

आणि 'पाऊण पट्टी' हे माप कुठल्याच दप्तरात नाही. घरोघरच्या गोष्टीत जमीन जरा वाढतेच.

काय_बे
आमच्या घरच्या गोष्टीत तर अर्धा अक्कलकोट आमचा होता.

पूर्वभागकर
गंमत वाटली. तुम्ही सगळे सोलापूर गाठायचं म्हणून मावळतीला निघालात, आणि आम्हीही. आमचे पणजोबा करीमनगरकडून आले. जात विणकराची, पण पणजोबा स्वतः मागावर कधी बसलेले नव्हते. तळ्याखाली भाताचं चार खाचरं रान होतं. इथे आले आणि भात पिकवणाऱ्या माणसाला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसावं लागलं. आजोबा सांगायचे, पहिल्या वर्षी पाऊस लागला की पणजोबा धोटा हातात तसाच धरून दारात जाऊन उभे राहायचे. पेरायला काही नाही, लावायला काही नाही, पण आभाळ बघितल्याशिवाय करमायचं नाही.

आम्ही राहतो त्याला सगळं शहर 'पूर्व भाग' म्हणतं. आमच्यासाठी मात्र ते पश्चिमच होतं.

उसाचं_कांडं
उलट दिशेचं उदाहरण देतो, नाहीतर सगळे म्हणतील माणूस फक्त मावळतीलाच जातो. सासवडची माळी मंडळी उगवतीला आली, आमच्या माळशिरस तालुक्यात. भाटघरच्या धरणाचं पाणी नीरा उजव्या कालव्यानं इकडे आलं, रान पडीक आणि स्वस्त, आणि या मंडळींना पाटपाण्याचा ऊस करायची सवय. १९३० च्या दशकात त्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला, माळीनगर त्याच्याभोवती वसलं. दिशा बघू नका, पाणी बघा. तुमचे पणजोबा नेमके तलावाखालीच का थांबले, सोलापूर शहरात का नाही? तिथं जुनी मिल १८७७ पासून चालू होती, हातापायानं धड माणसाला काम मिळालं असतं.

आदिलाकाठ
हा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. एकरुख तलाव १८७१ चा, म्हणजे पणजोबा कधीही आलेले असोत, पाटाचं पाणी होतंच.

प्रमाणपत्र_हवे
मोडी कागदात जात लिहिली असेल तर जपून ठेवा. आमच्याकडे निजामकाळातल्या नोंदी शोधायला सगळं गाव लागलंय. कुणबी असेल तर

संचालक
वरील प्रतिसाद अर्धवट ठेवला आहे, पुढचा भाग उडवला आहे. आरक्षणावर तीन धागे आधीच जळत आहेत, तिकडे जावे. इथे पणजोबांवर बोला.

हलगी
अक्कलकोटकडून. तुमच्याकडे हेळवी येतात का? आमच्याकडे सुगीनंतर अजून येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर. दारात बसून वंशावळ वाचतात: मूळ पुरुष कोण, कुठून उठला, कुणाला किती पोरं. मागे एकदा आमच्या चुलत्यांनी नवीन जन्मलेली नातवंडं लिहून घ्यायला सांगितली, तर हेळवी म्हणाला, "मुलींचीबी सांगा, आता लिहितो आम्ही." धान्य द्यायचं, कधी पैसे. ते सांगतात ते सगळं शंभर टक्के खरं असतं असं नाही, पण 'कुठून उठला' हे मात्र चुकत नाहीत असा अनुभव आहे.

आदिलाकाठ
हेळवी येत नाहीत आमच्याकडे. आले असतील तर मोगलाईत शोधत असतील.

अण्णा_डॅलस
पणजोबा पंचेचाळीस किलोमीटर मावळतीला गेले तर तुम्ही धागा काढलात. मी तेरा-चौदा हजार किलोमीटर गेलोय, माझ्यावर पणतू काय काढेल?

माझा वाटा मी भावाला लिहून दिला, २०११ साली, एका सहीत. व्हिडिओ कॉलवर. 'का गेले' याचं उत्तर मला विचाराल तर मी म्हणेन नोकरी. आई म्हणायची सून. भाऊ काही बोलत नाही.

चटणीभाकर
अण्णा, कडक भाकरी मिळते का तिकडे?

अण्णा_डॅलस
बहीण पाठवते. शेंगाचटणीचं पाकीट विमानतळावर उघडून बघतात आणि अधिकारी शिंकतो.

काय_बे
करोडगिरी नाका अजून चालूच आहे म्हणायचा.

उजनीग्रस्त
शेंगाचटणीवरून परत शेतावर येऊ. आमचं करमाळ्याकडचं गाव उजनीत गेलं. 'का उठलात' हा प्रश्न आम्हाला कुणी विचारत नाही, उत्तर ११७ टीएमसीचं आहे. पण एक सांगतो. नव्या गावठाणात गेलो तेव्हा वडिलांनी घराची दगडी उंबरठ्याची पट्टी बैलगाडीत घालून आणली. नवीन घर सरकारी मापाचं, ती पट्टी कुठेच बसेना. शेवटी गोठ्याला लावली. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक नावेतून बघायला जातात. माझे वडील एकदाही गेले नाहीत.

उठणारा माणूस काय बरोबर नेतो ते बघा. तुमच्या पणजोबांनी एक बैल नेला. एक बैल घेऊन शेतकरी काय करणार? गाडी चालत नाही, नांगर चालत नाही. माझ्या मते तुमच्या गोष्टीतली सगळ्यात विचित्र गोष्ट तीच आहे.

नांगरट
@उजनीग्रस्त, एक बैल असला तरी माणूस अगदीच अडत नाही. वारंगुळा करायचा. तुझा एक, माझा एक, मिळून जोडी. दोन दिवस तुझ्या रानात, दोन दिवस माझ्या. एका बैलवाल्याला दुसरा एक बैलवाला गाठावा लागतो एवढंच. दोन्ही बैल एकमेकाला सोसले पाहिजेत, नाहीतर जू मोडतं.

आदिलाकाठ
आठवड्यानं येतोय, बातम्या आहेत.

एक. शाळेचा उतारा मिळाला. आजोबांचा जन्म १९२२, तारीख अर्थातच १ जून (@कागदी_घोडा, दंडवत). जन्मठिकाण: आमचंच गाव. म्हणजे पणजोबा त्याआधीच आलेले.

दोन. नाणं चिंचेनं घासलं. हो, माहितीय, घासायचं नसतं, मित्रानं शिव्या दिल्या. चारमिनार स्पष्ट दिसतोय. मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर आहे, इंग्रजी तिनाला उलटं केल्यासारखं. साल पुसट, १३३ पर्यंत दिसतं, शेवटचा आकडा गेलाय.

तीन. कागदाचा फोटो टाकलाय. कुणी मोडी वाचणारं आहे का?

चांदीचा_रुपया
मित्रानं दिलेल्या शिव्यांत माझ्याही मिळवा.

ते अक्षर 'ऐन', उस्मान अलीचं. शेवटचा निजाम, १९११ ला गादीवर आला. त्याच्या आधीच्या महबूब अलीच्या चारमिनार रुपयावर त्या जागी 'मीम' असतं. साल हिजरी आहे. १३३० ते १३३९ म्हणजे १९११ च्या अखेरीपासून १९२१ पर्यंत. पणजोबांच्या चंचीत हे नाणं पडलं ते १९११ च्या आधी नक्की नाही. नंतर कधी पडलं हे मात्र नाणं सांगू शकत नाही, रुपये वर्षानुवर्षं फिरत असतात.

मोडीची_काडी
फोटो बघितला. कसरीनं वरचा उजवा कोपरा आणि खालचं निम्मं खाल्लंय. जे वाचता येतं ते:

"... सन १३२९ फसली ..."
"... बैल येक ..."
"... पेव ... ज्वारी मण ..." (आकडा गेला)
"... औत ..." (पुढे घडी)
"... बि ... राजीखुशीनं ..."

'राजीखुशीनं' हा शब्द बऱ्यापैकी खात्रीनं वाचतोय. हा फिर्यादीचा कागद नाही, यादीचा आहे. दोन हातांची अक्षरं दिसत नाहीत, एकाच माणसानं लिहिलाय. कागद नीट सपाट करून, काचेखाली ठेवून, तिरक्या उजेडात परत फोटो काढा. आणि कृपा करून चिंच लावू नका.

कागदी_घोडा
१३२९ + ५९० = १९१९. म्हणजे १९१९-२०. रझाकारांच्या अठ्ठावीस वर्षं आधी.

यादी, त्यात 'बैल येक', आणि राजीखुशी. मी चौतीस वर्षं असे कागद बघितलेत. बोलत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

भुईमूग
ठीक आहे. तारीख मान्य. पण मग तुमच्या वडिलांनी रझाकार कुठून आणले? हवेतून तर नाही आणले?

आदिलाकाठ
आत्याला फोन केला. आत्या एक्याऐंशीची, मोहोळला असते. ऐकू कमी येतं, त्यामुळे आमच्या गल्लीनंही सगळं ऐकलं. जसंच्या तसं लिहितो.

"आत्या, पणजोबा रझाकारामुळं आले ना?"
"कोन म्हनतं?"
"बाबा म्हणायचे."
"त्याला काय कळतंय. आज्जीजवळ मी निजत होते, का तुजा बाप? आरं ती काय पळून आली न्हाईत. वाटून आली."
"वाटून म्हणजे?"
"दोघं भाव. मानमोडीत थोरल्याची बायकू गेली की. लेकरू कडंवरचं. घरात दुसरी जाऊ, तिला तिची चार. कोन बघनार? रोज भांडन. मग वाटलं. एक बैल ह्याला, एक बैल त्याला. रान मातुर वाटलं न्हाई, रान थोरल्यानं भावाकडं ठिवलं बटईनं. म्हनला, येतो सुगीला."
"मग येत होते का सुगीला?"
"येत हुते की! दर साली जायाचे, दोन पोती घिऊन यायाचे. नाक्यावर शिपाई मूठभर काढून घ्यायचा, ते शिव्या द्यायचे. मंग ते रझाकाराचं आलं आन् जानं बंद पडलं. पुना गेले तवर तिकडं कायदा झाल्ता, कसंल त्याची जमीन. भाव म्हनला, मी कसतुय."
"मग?"
"मग काय. आले माघारी. पुना नाव काढलं न्हाई. कुनी इचारलं तर म्हनायचे, रझाकारानं नेली."

एवढं बोलून आत्या म्हणाली, फोन ठेव, बिल येईल.

'मानमोडी' म्हणजे प्लेग का?

दवापाणी
नाही, १९१८ चा इन्फ्लुएंझा. मान धरायची, ताप चढायचा, तीन-चार दिवसांत माणूस खलास. धडधाकट, ऐन वयातली माणसं जास्त गेली, आणि त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. जुनी माणसं साल सांगत नाहीत, असली नावं सांगतात. मानमोडी म्हणजे १९१८, सोलापूरचा मार्शल लॉ म्हणजे १९३०, पोलीस ॲक्शन १९४८, आणि "मिलो खाल्ली ते साल" (मिलो म्हणजे दुष्काळात आलेली परदेशी लाल ज्वारी) म्हणजे १९७२. माझा जन्म मिलोतला.

कागदी_घोडा
कायदा म्हणजे १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा. आणि फसली १३२९ हे मानमोडीच्या पुढचं साल, आत्याबाईंचं बोट बरोबर जागी आहे. सख्ख्या भावाच्या रानात कूळ लागत नाही असं पुस्तकात काहीही असो, सामाईक जमिनीत एकाची वहिवाट तीस वर्षं, दुसरा सरहद्दीपलीकडे, म्हटल्यावर प्रत्यक्षात काय होतं ते मला विचारू नका.

@भुईमूग, तुमचंही अर्धं बरोबर निघालं. रझाकारांनी जमीन नेली नाही, पण जायचा रस्ता बंद केला.

भुईमूग
तेच म्हणत होतो. आणि दुसरं सांगू का? आमच्याकडेही असा एक चुलता आहे, ज्याचं सगळं 'रझाकारांनी नेलं'. आता मला शंका यायला लागलीय. हा धागा वाचायलाच नको होता.

नांगरट
आत्याला वारंगुळ्याचं विचारा. इकडे आल्यावर जोडी कुणाशी लावली?

आदिलाकाठ
विचारलं. दुसऱ्या दिवशी परत फोन, परत गल्ली. तलावाखाली एका शेतकऱ्याचा एक बैल पोटफुगीनं मेला होता, त्याच्याशी वारंगुळा लागला. त्याला मुलगा नव्हता, एक मुलगी होती. तीच माझी पणजी, आत्याची आज्जी. "बैल जोडले, मग माणसं जोडली," असं आत्या म्हणाली आणि खूप हसली. फेरफारातही तसंच आहे: पणजोबांचं नाव लागलंय ते सासऱ्याच्या मृत्यूनंतर, पणजीबरोबर. @कागदी_घोडा, तुम्ही हे न बघता सांगितलं होतं.

म्हणजे कडेवरचं पोरगं हे माझे आजोबा नव्हेत, त्यांचे थोरले सावत्र भाऊ. ते लग्नाआधीच वारले, त्यांचा फोटोसुद्धा नाही. घरातल्या गोष्टीत त्यांच्या जागी आमचे आजोबा कधी जाऊन बसले, कुणाला कळलं नाही.

हुरडाप्रेमी
त्या पोराचं वाईट वाटलं.

बोरीकाठचा
गावाचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा. भावाची शाखा असेल तर शोधू. पौष पौर्णिमेला तुम्ही येणारच आहात. खंडोबा त्या सुमाराला आमच्याकडे मुक्कामाला असतो, मग परत अणदूरला जातो. देवसुद्धा दोन गावांत वाटून राहतो आमचा.

काय_बे
देवाचा करार लेखी आहे म्हणे. तुमच्या पणजोबांनी पण लेखी केलं असतं तर.

मोडीची_काडी
केलं होतं की. कसरीनं खाल्लं.

आदिलाकाठ
धागा वर काढतोय. पौष पौर्णिमा झाली.

बोरीकाठचा भेटले, त्यांच्या गाडीतून गेलो. खासरा पत्रकावर पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव मिळालं, तिथून घर सापडायला अर्धा तास लागला. भावाचा नातू, पंचाहत्तरीचे, ओट्यावर बसून तुरी निवडत होते. मी कोण ते सांगितल्यावर सूप बाजूला ठेवलं आणि पहिलं वाक्य: "वाटणी मागायला आलाव का?"

मी म्हटलं, नाही, जत्रेला आलोय. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग आत हाक मारून चहा सांगितला. चहा आला, पण सुनेनं सातबारा ठेवलेल्या कपाटाकडे बघितलं हे मी बघितलं. तिचं काही चुकलं नाही.

आत्यानं सांगितलेलं मी काहीच काढलं नाही. नुसतं विचारलं, तुमच्याकडे आमच्या पणजोबांबद्दल काय सांगतात? ते म्हणाले, जास्त काही नाही. थोरला रुसून इंग्रजीत गेला (इंग्रजी म्हणजे सोलापूर), आणि त्या साली आमच्या आज्ज्याला एका बैलावर पेरणी करावी लागली. "दुसरा कुठं गेला कुणास ठाव," म्हणाले. "कोसा होता म्हणतात."

नाणं दाखवायला नेलं होतं. त्यांनी ते तळहातावर उलटंसुलटं केलं, कमानीवर अंगठा फिरवला आणि परत दिलं. निघताना किलोभर तूर बांधून दिली. बोरीकाठचा म्हणाले, नाक्यावर दाखवू नका.

भुईमूग
फोटो टाका की.

आदिलाकाठ
त्यांनी नको म्हटलं. पुढच्या वर्षी बघू.

काय_बे
तुरीचं वरण झालं का बे?

आदिलाकाठ
झालं. आत्याला पण पाठवलं डब्यातून.

नांगरट
सगळं वाचलं. एक राहिलं. कोसा डाव्या अंगाला चालणारा होता का उजव्या? जोडीतला एक फुटला की नव्या जोडीदाराबरोबर तो आपली बाजू सोडत नाही, जनावर अडून बसतं. तुमच्या पणजीच्या बापाचा राहिलेला बैल नेमका दुसऱ्या अंगाचा असणार, त्याशिवाय वारंगुळा जमायचा नाही. आत्याला विचारून सांगा.